हॉकीवीर बोर्ये साल्मिंग

हॉकी हा खेळ आमच्या विद्यार्थ्यांस नवा नाहीं. मुरमाच्या किंवा हिरवळीच्या मैदानावर, हातांत वांकडी काठी घेऊन चेंडूमागें धांवणारे अकरा अकरा गडी त्यांनीं पाहिले आहेत, व पुष्कळांनीं तो खेळ स्वतः खेळलाहि आहे. परंतु ज्या देशांत वर्षांतील कित्येक महिने जमीन बर्फाखालीं झांकलेली असते, तेथील मुलांनीं हॉकी कशी खेळावी? त्या लोकांनीं बर्फालाच मैदान केलें. बर्फावरील ही हॉकी आपल्या देशांत लडाख व हिमाचल प्रदेश येथें हिंवाळ्यांत खेळतात. पण तिचें माहेरघर म्हणजे कॅनडा, आणि कॅनडाच्या खालोखाल स्वीडन, फिनलंड, रशिया इत्यादि थंड देशांत तिचा फार प्रसार झाला आहे.

या लेखांत आम्ही स्वीडन देशांतील बोर्ये साल्मिंग या खेळाडूची हकीकत सांगणार आहों. पराक्रमी खेळाडूंच्या चरित्रांत बहुधा जिंकलेल्या चषकांची यादी असते. साल्मिंगच्या चरित्रांत ती फार लांब नाहीं. ज्या संघांत तो सोळा वर्षें खेळला, त्या संघाला त्या अवधींत एकदांहि अजिंक्यपद मिळालें नाहीं. तरीहि त्याचा पुतळा उभारण्यांत आला, त्याचा क्रमांक त्याच्या संघांत पुन्हा कोणासहि द्यावयाचा नाहीं असें ठरलें, आणि तो आजारी होऊन आला तेव्हां हजारों माणसें त्याच्यासाठीं उभीं राहिलीं. हें कशामुळें घडलें, हा प्रश्न मनांत धरून वाचकांनीं पुढील मजकूर वाचावा.

खेळाचें स्वरूप

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. बर्फावरील हॉकींत प्रत्येक पक्षाचे एका वेळीं सहाच गडी मैदानांत असतात: एक गोलरक्षक, दोन बचाव करणारे व तीन चढाई करणारे. त्यांच्या पायांत पोलादी पात्यांचे जोडे असतात. त्यांस स्केट म्हणतात. चेंडूऐवजीं कठीण रबराची एक चकती असते. तिला पक म्हणतात. ही पक एक इंच जाड व तीन इंच व्यासाची असून तिचें वजन सुमारें १६० ते १७० ग्रॅम भरतें. ती बर्फावर उसळूं नये म्हणून सामन्यापूर्वीं गोठवून ठेवितात. चांगल्या गड्याच्या काठीचा फटका बसला म्हणजे हीच लहानशी चकती ताशीं दीडशें किलोमीटरांहून अधिक वेगानें सुटते. सामना वीस वीस मिनिटांच्या तीन भागांत होतो. खेळ इतका दमविणारा आहे कीं, गडी एखादें मिनिट जीव तोडून खेळतो व लगेच बाहेर येऊन दुसऱ्यास जागा देतो. ही अदलाबदल सामना संपेपर्यंत चाललेली असते.

ज्याच्याजवळ पक असेल त्यास अंगानें धडक देऊन ती हिसकावून घेण्याची या खेळांत परवानगी आहे. परंतु साल्मिंगच्या तरुणपणीं ही मोकळीक सर्वत्र सारखी नव्हती. कॅनडा व अमेरिका येथील व्यवसायी संघ मैदानाच्या कोणत्याहि भागांत धडक देत. आंतरराष्ट्रीय नियमांनीं मात्र १९६९ सालापर्यंत ती आपल्या बचावाच्या बाजूसच देतां येत असे. मैदानांतहि फरक होता. उत्तर अमेरिकेंतील मैदान २०० फूट लांब व ८५ फूट रुंद. युरोपांतील मैदान साधारण तितकेंच लांब, पण सुमारें ९८ फूट रुंद. कागदावर हा तेरा फुटांचा फरक क्षुल्लक वाटेल. परंतु त्या जादा जागेमुळें युरोपांतील गडी पक एकमेकांस देत, वळसे घेत, चपळाईनें खेळण्यास शिकले. आणि अरुंद मैदानांत जागोजाग गांठ पडत असल्यामुळें कॅनडांतील गडी अंगबळावर भिस्त ठेवण्यास शिकले.

आणखी एक गोष्ट सांगणें जरूर आहे. उत्तर अमेरिकेंतील व्यवसायी हॉकींत दोन गडी हातमोजे टाकून ठोसाठोशी करूं लागले, तर त्यांस पांच मिनिटें बाहेर बसवीत व मग पुन्हा खेळूं देत. आंतरराष्ट्रीय नियमांत अशा गड्यास सामन्यांतूनच बाहेर काढीत. यामुळें स्वीडिश गडी मारामारीपासून दूर राहत. ती त्यांच्या खेळाची शिस्त होती. पण समुद्रापलीकडील पुष्कळ लोक तिला भित्रेपणा समजत. साल्मिंगच्या आयुष्यांतील मोठी झुंज या गैरसमजाशीं झाली.

किरुना येथील बालपण

बोर्ये साल्मिंग याचा जन्म १७ एप्रिल १९५१ रोजीं स्वीडनच्या अगदीं उत्तर टोंकास, किरुना या गांवाच्या टापूंत झाला. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून पाहिल्यास किरुना हें आर्क्टिक वृत्ताच्याहि उत्तरेस सुमारें दीडशें किलोमीटरांवर आढळेल. डिसेंबर महिन्यांत जवळजवळ तीन आठवडे तेथें सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. उलट मे महिन्याच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तो मावळत नाहीं. हें गांव लोखंडाच्या खाणीमुळें वसलें. भूमीखालीं खोल खणून काढलेलें खनिज आगगाडीनें डोंगर ओलांडून नॉर्वे देशांतील नार्विक बंदरास जातें व तेथून जहाजांनीं जगभर जातें.

बोर्येचे वडील सामी वंशांतील होते. सामी हे युरोपच्या उत्तर भागांतील मूळचे रहिवासी. रेनडिअर नांवाचीं हरणें पाळणें हा त्यांच्यापैकीं पुष्कळांचा पिढीजात धंदा. बोर्येचे वडील मात्र किरुनाच्या खाणींत काम करीत. बोर्ये पांच वर्षांचा असतां खाणींत अपघात होऊन ते मृत्यु पावले. घराचा सर्व भार आईवर पडला. त्याचा थोरला भाऊ स्तीग हा हॉकी खेळत असे; धाकटा भाऊ त्याच्या मागोमाग बर्फावर जाऊं लागला, आणि बापाच्या पश्चात् या थोरल्या भावाचा त्याला मोठा आधार झाला. दोघेहि भाऊ पुढें नामांकित खेळाडू झाले.

त्या गांवाच्या हवेंत मैदान तयार करण्यास फारसा खर्च लागत नाहीं. पाणी ओतून ठेवलें कीं थंडी तें काम करिते. परंतु अंधार, वारा व शून्याच्या पुष्कळ खालीं गेलेलें तपमान यांत रोज खेळण्यास अंगीं चिकाटी असावी लागते. त्या बालपणांत ही चिकाटी त्याच्या अंगीं बाणली.

येव्हले येथील उमेदवारी

किरुनाच्या संघांत खेळून नांव झाल्यावर १९७० सालीं साल्मिंग दक्षिणेस येव्हले या शहरीं गेला. या शहराच्या नांवाचा उच्चार आपल्याकडील येवल्याच्या इतका जवळ आहे कीं, आमच्या वाचकांस तो लक्षांत ठेवणें जड जाणार नाहीं. किरुनापासून तें रस्त्यानें सुमारें हजार किलोमीटर दूर आहे. तेथील ब्रीनेस हा संघ त्या काळीं स्वीडनमध्यें फार बलवान् होता व स्तीगहि त्याच संघांत खेळे. साल्मिंगच्या काळांत ब्रीनेस संघानें १९७१ व १९७२ अशीं लागोपाठ दोन वर्षें स्वीडनचें अजिंक्यपद मिळविलें. साल्मिंग बचावाच्या जागीं खेळत असे. लवकरच त्याची निवड राष्ट्रीय संघांत झाली. या संघाच्या छातीवर तीन मुकुटांचें चिन्ह असतें, म्हणून त्यास ‘त्रे क्रोनोर’, म्हणजे ‘तीन मुकुट’, असें म्हणतात. या संघाबरोबर साल्मिंगनें जागतिक स्पर्धेंत १९७२ सालीं कांस्यपदक व १९७३ सालीं रौप्यपदक मिळविलें.

टोरांटोस प्रयाण

कॅनडांतील टोरांटो शहरीं मेपल लीफ्स नांवाचा जुना व लोकप्रिय व्यवसायी संघ आहे. या संघानें १९७२ सालच्या अखेरीस जेरी मॅक्नमारा नांवाच्या आपल्या माणसास एका स्वीडिश गोलरक्षकाचा खेळ पाहण्याकरितां धाडलें. मॅक्नमारा तेथें पोंचला, तों तो गोलरक्षक दुखापतीमुळें खेळत नव्हता. इतक्या दूर आलोंच आहों तर रिकाम्या हातीं परत कशाला जावें, या विचारानें तो दुसरा एक सामना पाहण्यास गेला. तो सामना ब्रीनेस संघ व कॅनडांतून दौऱ्यावर आलेला एक संघ यांच्यामध्यें होता. पाहुण्यांचा खेळ दांडगाईचा होता, तरी ब्रीनेसचा एक उंच, सडपातळ बचावकर्ता मागें हटत नव्हता. मॅक्नमारानें साल्मिंगला तेथें हेरलें, व त्याच्याबरोबर इंगे हामरस्ट्रोम या चढाईच्या गड्यासहि. ज्याला पाहावयाचें होतें तो राहिला बाजूस, आणि ज्यांचें नांवहि ठाऊक नव्हतें ते दोघे १९७३ सालीं टोरांटोस गेले.

साल्मिंग हा नॅशनल हॉकी लीग या व्यवसायी संघांच्या मंडळांत खेळणारा पहिला स्वीडिश नव्हे. १९६५ सालीं उल्फ स्टेर्नर हा न्यूयॉर्कच्या संघातर्फे चार सामने खेळला होता. परंतु धडकाधडकीच्या त्या खेळाशीं त्याचें जमलें नाहीं व तो मायदेशीं परतला. तेव्हांपासून स्वीडिश गडी तेथें टिकावयाचे नाहींत, हा समज दृढ झाला होता. साल्मिंगपूर्वीं एकच वर्ष दुसरा एक स्वीडिश बचावकर्ता डिट्रॉइटच्या संघांत दाखल झाला होता, पण त्या समजास तोंवर धक्का लागला नव्हता.

‘भित्रा स्वीडिश’

१० ऑक्टोबर १९७३ रोजीं बफेलोच्या संघाशीं साल्मिंगचा पहिला सामना झाला. दुसऱ्याच सामन्यांत त्याची गांठ फिलाडेल्फियाच्या संघाशीं पडली. हा संघ दांडगाईबद्दल प्रसिद्ध होता, व पुढें १९७४ व १९७५ या दोन्ही वर्षीं तोच विजेता ठरला. या सामन्यांत साल्मिंगवर ठोसे पडले. तेथून पुढें कांहीं वर्षें गांवोगांवच्या प्रेक्षकांनीं व प्रतिपक्षाच्या गड्यांनीं त्यास ‘चिकन स्वीड’ म्हणून हिणविलें. आपल्याकडे भित्र्यास भागूबाई म्हणतात, तिकडे कोंबडी म्हणतात, एवढाच फरक. काठीचे टोले मारून, पाठीमागून ढकलून हा मनुष्य पळून जातो कीं काय, याची जणूं परीक्षाच चालली होती.

साल्मिंगपुढें दोन सोपे मार्ग होते. एक, सामान बांधून स्वीडनला परत जाणें; दुसरा, त्यांच्याप्रमाणेंच ठोसेबाज होणें. त्यानें दोन्ही पत्करले नाहींत. अंगावर आलेल्यास त्यानें तोंड दिलें, पण आपला खेळ बदलला नाहीं. तो पूर्वीप्रमाणेंच वळसे घेत, पक लांबवर नेमकी पोंचवीत राहिला. त्याचें खरें धैर्य दुसऱ्याच एका गोष्टींत दिसे. शत्रुपक्षाचा गडी गोलाकडे फटका मारण्याच्या बेतांत असतां साल्मिंग आपलें अंग त्या वेगवान् पकच्या आड घालीत असे. ज्या चकतीपासून इतर लोक तोंड चुकवीत, तिच्यापुढें हा बर्फावर आडवा होई. असें करणाऱ्यास भित्रा म्हणणें प्रेक्षकांस फार दिवस जमलें नाहीं.

१९७६ सालच्या एप्रिल महिन्यांतील एक प्रसंग टोरांटोच्या लोकांच्या विशेष लक्षांत राहिला. बाद फेरीच्या तिसऱ्या सामन्यांत फिलाडेल्फियाच्या एका गड्यानें साल्मिंगला फार मारलें; प्रकरण इतक्या थरास गेलें कीं, ओंटारिओ प्रांताच्या सरकारनें त्या संघाच्या कांहीं गड्यांवर फिर्याद दाखल केली. दोनच दिवसांनीं, १७ एप्रिल रोजीं, चौथा सामना होता. त्या दिवशीं साल्मिंगला पंचवीस वर्षें पूर्ण होत होतीं. तो नेहमीप्रमाणें खेळण्यास उतरला. आपला कर्णधार डॅरिल सिटलर याजकडून आलेली पक घेऊन तो पुढें घुसला व त्यानें गोल केला. प्रेक्षागृह उठून उभें राहिलें. ती मालिका अखेर फिलाडेल्फियानें जिंकली. परंतु मारास दिलेलें तें उत्तर लोक विसरले नाहींत.

त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत कॅनडा चषकाच्या स्पर्धेंत स्वीडनचा राष्ट्रीय संघ टोरांटोस आला. स्वीडनच्या गड्यांचीं नांवें एकामागून एक पुकारण्यांत येत असतां साल्मिंगचें नांव आलें, तेव्हां मेपल लीफ गार्डन्स या प्रेक्षागृहांतील सारे लोक उठले व टाळ्यांचा गजर कितीतरी वेळ थांबेना. तो त्या दिवशीं परक्या देशाचा पोषाख घालून उभा होता, आणि टाळ्या वाजविणारे कॅनडाचे नागरिक होते. आपल्या मुलखांतील यजमानांनीं दुसऱ्या देशाच्या गड्यास असा मान द्यावा, ही गोष्ट खेळाच्या इतिहासांत वारंवार घडत नाहीं.

मदतीचा हिशेब

या खेळांत गोल करणाऱ्याचें नांव जसें लिहितात, तसेंच गोल होण्यापूर्वीं ज्यांच्या हातून पक त्याच्याकडे आली, अशा दोघांपर्यंत गड्यांचींहि नांवें लिहितात. याला ‘असिस्ट’, म्हणजे मदत, म्हणतात. आणि गुणांच्या हिशेबांत गोल व मदत यांची किंमत सारखीच धरितात. आमच्या मतें ही पद्धत फार शहाणपणाची आहे.

टोरांटोच्या संघाकडून साल्मिंग १९७३ पासून १९८९ पर्यंत सोळा हंगाम खेळला. या काळांत तो नियमित स्पर्धेच्या १,०९९ सामन्यांत उतरला. त्यांत त्यानें स्वतः केलेले गोल १४८, आणि त्याच्या मदतीनें झालेले गोल ६२०. म्हणजे स्वतः एक गोल केला, तर दुसऱ्यांकडून चाराहून अधिक करविले. १९७६-७७ या एकाच हंगामांत त्याच्या नांवावर १२ गोल व ६६ मदती, मिळून ७८ गुण जमा झाले. बचाव करणाऱ्या गड्यास ही संख्या असामान्य आहे. कारण त्याचें पहिलें काम स्वतःचा गोल राखणें हें असतें.

सर्व संघांतून निवडलेल्या श्रेष्ठ गड्यांच्या यादींत १९७५ पासून १९८० पर्यंत सहा वर्षें लागोपाठ त्याचें नांव होतें. १९७७ सालीं तर तें पहिल्या यादींत होतें. उत्कृष्ट बचावकर्त्यास नॉरिस नांवाचा चषक देतात. त्यासाठीं साल्मिंग दोनदां दुसरा आला, पण चषक त्यास लाभला नाहीं. संघाच्या वांट्यासहि यश बेताचेंच आलें. १९७८ सालीं मेपल लीफ्स उपांत्य फेरीपर्यंत पोंचले. त्या वर्षीं एका सामन्यांत प्रतिपक्षाची काठी डोळ्यास लागल्यामुळें साल्मिंगला पुढील सामन्यांत खेळतां आलें नाहीं. नंतरच्या वर्षांत संघ खालावत गेला. मालक व चालक यांची धरसोड, जुन्या सोबत्यांची पांगापांग, पराभवांमागून पराभव, या सर्वांत साल्मिंग आपल्या जागीं तसाच खेळत राहिला. जिंकणाऱ्या संघांत हुरूप टिकविणें सोपें असतें. हरणाऱ्या संघांत रोज उठून तेंच काम नेटानें करणें किती अवघड आहे, हें शाळेच्या संघांत खेळलेल्या मुलांस ठाऊक आहे.

जानेवारी १९८८ मध्यें साल्मिंगचे एक हजार सामने पूर्ण झाले. युरोपांत खेळ शिकून आलेल्या गड्यांपैकीं ही मजल गांठणारा तो पहिला.

जखमा, आणि एक डाग

१९८६ हें वर्ष साल्मिंगला फार कठीण गेलें. काहीं वर्षांपूर्वीं आपण कोकेन या मादक पदार्थाचें सेवन करून पाहिलें होतें, असें त्यानें वर्तमानपत्राच्या प्रतिनिधीस सांगितलें. तें प्रसिद्ध झाल्यावर लीगच्या अधिकाऱ्यांनीं त्यास शासन केलें व आठ सामने तो खेळास मुकला. ही गोष्ट आम्ही गाळूं शकलों असतों. परंतु ज्या चरित्रांत नायकाच्या हातून कांहींच वावगें घडत नाहीं, तें चरित्र मुलांच्या उपयोगी पडत नाहीं, अशी आमची समजूत आहे. ज्याच्या अंगीं पकच्या आड निजण्याचें धैर्य होतें, तोहि एखाद्या क्षणीं मोहास बळी पडला. आपला मुलगा खेळांत तरबेज आहे, एवढ्यावरून त्याच्या बाबतींत निर्धास्त राहूं नये, हें पालकांनींहि यावरून ध्यानांत घ्यावें. कबुली त्यानें दिली, शिक्षा त्यानें भोगली, आणि तो पुन्हा मैदानांत उभा राहिला.

त्याच वर्षीं २६ नोव्हेंबर रोजीं डिट्रॉइटच्या संघाशीं सामना चालू असतां तो गोलासमोर बर्फावर पडला, आणि प्रतिपक्षाच्या एका गड्याच्या स्केटचें पातें त्याच्या चेहऱ्यावर पडलें. कपाळापासून तोंडापर्यंत जखम झाली व ती शिवण्यास दोनशेंहून अधिक टांके घालावे लागले. बरा झाल्यावर तोंडापुढें पारदर्शक पडदा लावून तो पुन्हा खेळूं लागला.

मायदेशीं

१९८९-९० चा एक हंगाम डिट्रॉइटच्या संघांत काढल्यावर साल्मिंग स्वीडनला परतला. उत्तर अमेरिकेंतील त्याचे एकूण सामने १,१४८, गोल १५० व मदती ६३७ झाल्या होत्या. वयाची चाळिशी जवळ आली असतांहि तो स्टॉकहोमच्या ए.आय.के. संघांत १९९३ पर्यंत खेळला. मध्यंतरीं १९९२ सालीं फ्रान्समधील आल्बेरव्हिल येथें भरलेल्या हिंवाळी ऑलिंपिक सामन्यांत वयाच्या चाळिसाव्या वर्षीं त्यानें आपल्या देशाचा पोषाख पुन्हा चढविला. ऑलिंपिकमध्यें खेळण्याची त्याची ती पहिली व शेवटची वेळ. त्याच्या भर उमेदीच्या काळांत व्यवसायी खेळाडूंस त्या सामन्यांचें दार बंद होतें.

१९९६ सालीं टोरांटो येथील हॉकीच्या कीर्तिमंदिरांत त्याच्या नांवाचा समावेश झाला. हा मान मिळविणारा तो पहिला स्वीडिश. मेपल लीफ्स संघानें त्याचा २१ हा क्रमांक २००६ सालीं गौरवानें प्रेक्षागृहांत टांगला, व २०१६ सालीं तो कायमचा निवृत्त केला. संघाच्या प्रेक्षागृहाबाहेर जुन्या वीरांचे पुतळे आहेत, त्यांत त्याचाहि आहे.

याहून मोठें स्मारक मात्र जिवंत माणसांचें आहे. साल्मिंगच्या आगमनानंतर एकाच वर्षानें, १९७४ सालीं, विनिपेगच्या संघानें आन्डेर्स हेडबेर्ग व उल्फ निल्सोन या स्वीडिश गड्यांस बोलाविलें. १९८९ सालीं नव्या गड्यांच्या निवडींत मात्स सुंदीन या स्वीडिश तरुणास सर्वांत आधीं निवडण्यांत आलें. युरोपांतील गड्यास हा पहिला क्रमांक त्यापूर्वीं कधीं मिळाला नव्हता. हाच सुंदीन पुढें टोरांटोच्या संघाचा कर्णधार झाला. जो नॉरिस चषक साल्मिंगच्या हातून दोनदां निसटला, तो निक्लास लीडस्ट्रोम या स्वीडिश बचावकर्त्यानें पुढें सात वेळां मिळविला. पायवाट पाडणाऱ्याच्या पायांत कांटे मोडतात. मागून येणारे त्या वाटेनें सुखानें चालतात.

अखेरचा मान

१९२२ साली नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ऑगस्ट २०२२ मध्यें, साल्मिंगला ए.एल.एस. नांवाचा रोग जडल्याचें जाहीर झालें. या रोगांत स्नायूंस हालचालीची आज्ञा पोंचविणाऱ्या मज्जापेशी एकामागून एक मरतात. हात-पाय, जीभ, गिळण्याचे व श्वासाचे स्नायू दुबळे होत जातात. विचारशक्ति मात्र पुष्कळ अंशीं शाबूत राहते. हा रोग बरा करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. ज्या देहानें हजाराहून अधिक सामने झेलले, तो थोड्याच महिन्यांत मालकाचें ऐकेनासा झाला. वाचाहि गेली.

अशा स्थितींत नोव्हेंबर महिन्यांत त्यास टोरांटोस नेण्यांत आलें. १२ नोव्हेंबर २०२२ रोजीं सामन्यापूर्वीं तो बर्फावर उभा राहिला. एका बाजूस सुंदीन, दुसऱ्या बाजूस जुना कर्णधार सिटलर. लोक टाळ्या वाजवीत उभे होते, पण त्यांस हात हालवून उत्तर देण्याची शक्ति साल्मिंगमध्यें उरली नव्हती. तेव्हां सिटलरनें त्याचा हात आपल्या हातांत घेऊन वर उचलला. सिटलरच्या डोळ्यांतून अश्रु वाहत होते. त्या सामन्याचा आरंभ करण्यास टोरांटोच्या संघानें आपले सहाहि गडी स्वीडिशच उतरविले. एकेकाळीं ज्या संघांत स्वीडिश गडी टिकेल कीं नाहीं याची लोकांस शंका होती, त्याच संघास आतां सहा जागा भरण्याइतके स्वीडिश गडी स्वतःच्या पदरींच सांपडले, हें त्या रात्रीं सर्वांनीं पाहिलें.

बारा दिवसांनीं, २४ नोव्हेंबर २०२२ रोजीं, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं बोर्ये साल्मिंगचें देहावसान झालें.

विद्यार्थ्यांस दोन शब्द

आरंभीं जो प्रश्न आम्ही वाचकांपुढें ठेविला, त्याचें उत्तर आतां त्यांस स्वतःच देतां येईल. साल्मिंगच्या हातीं मोठे चषक फारसे आले नाहींत. परंतु लोकांनीं जें नांव ठेवलें त्याचा त्रागा न करितां त्यानें तें आपल्या वागण्यानें खोटें पाडलें. मार देऊन मान मिळविण्यापेक्षां मार सोसून काम पुरें करणें त्यानें पसंत केलें. आणि स्वतःच्या एका गोलामागें सोबत्यांच्या चार गोलांस हात लावला. त्याचा हात उचलावयास शेवटीं एक सोबतीच पुढें आला, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

आमच्या शाळेच्या संघाचा पुढील सामना होईल, तेव्हां गोल झाल्याबरोबर गोल करणाऱ्याच्या नांवानें गजर करण्यापूर्वीं क्षणभर थांबून, त्याला चेंडू कोणी दिला हें प्रत्येकानें पाहावें, व त्या मुलाचेंहि नांव घ्यावें. आणि नव्या गांवाहून, निराळ्या बोलीचा, निराळ्या चालीचा एखादा मुलगा वर्गांत आला, तर तो भांडत नाहीं एवढ्यावरून त्याला भित्रा ठरवूं नये. तो कोणत्या किरुनाहून आला आहे, आणि कोणत्या थंडीवाऱ्यांत वाढला आहे, हें आपल्याला कोठें ठाऊक असतें?